माती घेतल्याशिवाय

सुट्टीत माझी नात शाल्मली मैत्रिणींना जमवून कागदावरची लढाई खेळते. फासा टाकायचा आणि आपला गडी काय करतो ते तोंडाने सांगायचं. काल एक गडी कमी पडला म्हणून मला बसवलं. मी तलवारवाला झालो. अर्धं आयुष्य तालमीत गेलेला माणूस दुसरं काय होणार?

गुहेत राक्षस आले. पहिली पाळी माझी. कुस्तीआधीच्या सवयीने मी म्हटलं, "आधी वाकून माती घेतो, अंगाला लावतो."

"झाली तुमची पाळी, आजोबा," शाल्मली म्हणाली. "माती घेण्यातच गेली."

मग तिची मैत्रीण जुई. ती मांत्रिक. चिवडा खाता खाता तिने एक मंत्र सांगितला आणि सगळे राक्षस जळून खाक.

"हा शिकायला किती वर्षं लागली गं?"

"पोथीत असतो, आजोबा. सकाळी वाचून निघायचं."

डोकंच फिरलं माझं. बाहेर तर हे चालतंच, घाम एकाचा आणि मैदान मारणार बोलणारा. पण हा खेळ मनाने रचलेला. त्यात तरी मनगटाला आणि तोंडाला एका तोलाचं करायला कुणाची आडकाठी होती? मी तसं बोलूनही दाखवलं.

"मग तुम्हीपण मांत्रिक व्हा की," जुई म्हणाली.

तेवढ्यात आणखी राक्षस आले. शाल्मली माझ्या कानाशी लागली, "आजोबा, या वेळी सरळ वार करा हं."

मी फासा खाली ठेवला आणि म्हटलं, "माती घेतो."