उत्तरपूजेआधी

साईनाथ आमच्या लॅबमध्ये सात वर्षं कंत्राटावर होता आणि दर दिवाळीला भाऊ त्याला पुढच्या दिवाळीचा वायदा देत होते. भाऊ म्हणजे आमचे मालक. ठाण्याच्या नौपाड्यातली ही रक्त-लघवी तपासायची लॅब त्यांच्या वडिलांनी काढलेली. मी रिपोर्टच्या काउंटरवर बसते. माझा स्वभाव तोंडाळ आहे, लोक म्हणतात आणि ते खरं आहे.

साईनाथचं काम सर्व्हर सांभाळायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा त्यानंच समजावलेलं. "ताई, आमच्या दिव्याला, स्टेशनजवळच्या चाळीत, एका खोलीत प्लायवूड मारून तीन बिऱ्हाडं बसवतात ना? तसंच. पेटी एकच, पण आत भाग पाडलेत. एक रिपोर्टांचा, एक बिलांचा, एक अपॉइंटमेंटचा. कुठल्या बिऱ्हाडात काय चाललंय ते सकाळी डोकावून बघायचं." आल्या आल्या तो लॅपटॉप उघडायचा, एकेका भागाची स्थिती बघायचा, कुठला चालू आहे, कुठला अडकलाय, कुठे जागा भरत आली. मग ग्रुपवर टाकायचा, "सगळे चालू". त्या दोन शब्दांकडे आमच्यापैकी कोणी ढुंकूनही बघायचं नाही. ते रोज यायचे म्हणूनच आमचं धकत होतं.

कायम होण्यासाठी त्याचा जीव अडकला होता. दिव्यात पाण्याची बोंब, त्याची बायको अक्षदा पाठीचं दुखणं घेऊन टँकरखाली हंडे भरायची. डोंबिवलीत दोघांनी एक जागा बघून ठेवली होती, पण कायम नोकरीच्या पत्राशिवाय बँक दारात उभं करत नव्हती. या वर्षी भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "साईनाथ, यंदा नक्की."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. रक्त तपासायची मशिनं पूजेनंतर चालूच असतात, रक्त काही सण बघून काढत नाहीत. पण सर्व्हरची खोली भाऊ स्वतः झेंडूच्या माळा घालून बंद करतात. साईनाथनं त्याचा लॅपटॉपही पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं. त्याचे वडील संगमेश्वरकडचे सुतार. खंडेनवमीला पुजलेला रंधा उत्तरपूजेआधी घरात कोणी उचललेला त्यानं कधी बघितला नव्हता. तरी त्यानं विचारलं, "भाऊ, पूजेच्या गडबडीत आज स्टेटस बघायचं राहिलं. बघू का फक्त?"

"एक दिवस नाही बघितलंस तर काय आभाळ कोसळतंय?" भाऊ म्हणाले. "पुजलेल्या वस्तूला हात नाही. उद्या उत्तरपूजा झाली की बघ."

सगळे हसले. साईनाथही हसला, आणि मला वाटतं त्याला बरंही वाटलं. मालक आपल्या वडिलांसारखं बोलतोय, याचं.

दुपारी माझ्या पडद्यावर रिपोर्ट यायचे थांबले. मशिनातले आकडे सर्व्हरमधूनच बाहेर येतात, त्यामुळे मी नुसती बघत बसले. साईनाथ म्हणाला, "रिपोर्टांचा भाग भरला असणार, ताई. दोन दिवस जागा कमी दिसत होती, आज रिकामी करणार होतो." त्यानं माझ्यासमोर, स्पीकर लावून, घरी गेलेल्या भाऊंना फोन केला. "भाऊ, रिपोर्ट बंद पडलेत. लॅपटॉप उचलू का?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही का रे? पूजा मोडायची नाही. लोकांना सांग, उद्या या." फोन बंद.

साईनाथ पाटापुढे उभा राहिला. हात पुढे केला, मागे घेतला. मी म्हटलं, "उचल रे, देव काही खात नाही." तो म्हणाला, "देवाचं नाही ताई, भाऊंचा शब्द आहे. दिवाळी तोंडावर आलीय."

त्या दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचं ऑपरेशन पुढे गेलं, रिपोर्ट मिळाला नाही म्हणून. त्यांचे सर्जन आमच्याकडे निम्मे पेशंट पाठवणारे. दसऱ्याला सकाळी ते लॅबमध्ये येऊन भाऊंना नाही नाही ते बोलले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि साईनाथकडे बोट केलं. "ह्याची जबाबदारी होती. मी यंत्राला विश्रांती द्या म्हटलं, डोळे मिटा नव्हतं म्हटलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाऊ, मी फोनवर ऐकलंय तुमचं बोलणं."

"सुमतीबाई, तुम्ही काउंटर बघा."

साईनाथ उत्तरपूजेचं ताट मांडायला लागला. मला त्याचाही राग आला. सर्जन गेल्यावर उत्तरपूजा झाली, माळा उतरल्या. भाऊ आपट्याची पानं वाटत त्याच्यापाशी आले. "सोनं घे. सोन्यासारखा राहा. पहिल्या तारखेपासून तू दुसरीकडे बघ, साईनाथ. माझाही नाइलाज आहे." आणि सण होता, समोर वडीलधारं माणूस होतं, म्हणून साईनाथ पान हातात धरून वाकला आणि त्यांच्या पाया पडला. भाऊंनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला, "यशस्वी हो." असला कोरडा, फुकटचा आशीर्वाद मी जन्मात ऐकला नव्हता.

जाता जाता भाऊ वळले. "आणि हो, पासवर्ड केदारला देऊन जा. सगळं दाखवूनही ठेव." केदार त्यांचा पुतण्या. गेल्याच महिन्यात आलेला, आल्याबरोबर कायम झालेला.

साईनाथनं लॅपटॉपवरचं कुंकू रुमालानं पुसलं, केदारला शेजारी बसवलं आणि एकेक भाग कसा बघायचा ते शांतपणे दाखवायला लागला. केदार कंटाळून म्हणाला, "हे काय रोज बघायला लागतं?"

"रोज," साईनाथ म्हणाला. "फक्त खंडेनवमीला भाऊंना लेखी विचार."