रेडिएटरवाल्याची पसंती

गाडीचा रेडिएटर नुसता तळहाताने चाचपून कुठे चोंदलाय ते हा माणूस सांगायचा, म्हणून सगळे त्याला रेडिएटरवाले म्हणत. चाळीस वर्षं गरम पाण्याशी संसार केल्यामुळे स्वभावही तसाच झालेला, लवकर तापणारा आणि लवकर निवणारा. एका बाबतीत मात्र तो भलताच हट्टी. कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, मग दार सख्ख्या लेकीचं का असेना. बायको गेल्यापासूनच्या दोन वर्षांत तो परगावी लेकीकडे तीनदा गेला. एकदा नळ गळत होता म्हणून, एकदा दार घासत होतं म्हणून आणि एकदा कपाटाची बिजागरी निखळली म्हणून. त्यानंतर त्या घरात काही मोडेचना. इतकं मजबूत घर बांधणाऱ्या गवंड्याला तो मनातल्या मनात शिव्या घाली.

अशात लेकीचा फोन आला. ती घरात बसून संगणकावर इमारतींची चित्रं करते.

"बाबा, माझा संगणक सारखा तापतो, आणि त्याचे पंखे असे घोंघावतात की डोकं उठतं. आता तो पाण्याने थंड करायचं ठरवलंय. दोन प्रकार मिळतात. तुमच्याकडच्या दुकानात जाऊन बघा आणि कुठला घेऊ ते सांगा. शेवटी रेडिएटरच की तो!"

याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी दुकानात हजर.

दुकानातल्या बाईंनी दोन्ही प्रकार टेबलावर मांडले. पहिला बंद संच. पंप, नळ्या, वीतभर रेडिएटर, सगळं कारखान्यातच जोडून आत पाणी भरलेलं. एकदा बसवला की पाच-सहा वर्षं बघायला नको. दुसऱ्याचे भाग सुटे. आपणच जोडायचे आणि आपणच भरायचे. दिसायला देखणा, थंडही जास्त ठेवणारा.

"पण याचं पाणी दर वर्षी बदलावं लागतं," बाई म्हणाल्या. "नळ्या धुवायच्या, जोड तपासायचे. तेवढी कटकट आहे."

कटकट कसली, याला फक्त 'दर वर्षी' एवढंच ऐकू आलं. धुवायला एक दिवस. भरल्यावर गळत नाही ना बघायला आणखी दोन दिवस तरी थांबावंच लागणार. सकाळी लेकीच्या हातचा चहा. ती चित्रं करत असताना मागे खुर्ची टाकून बसायचं. कामात असली की ती हुबेहूब आईसारखी एक भुवई वर करते. ती भुवई बघायला त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

"हाच..." त्याने तोंड उघडलं, पण सवयीने बोटं जोडांवरून फिरत होती. मोजले तर दहा निघाले. जोड आला की आज ना उद्या गळती आलीच, हे त्याने जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवलेलं. गाडीचं पाणी गळून रस्त्यावर जातं. इथे ते थेट संगणकाच्या काळजावर पडणार, आणि पोरीचं सगळं काम त्यात. आजवर परक्याच्या गाडीलाही त्याने असला माल सुचवला नव्हता.

दुकानाबाहेर येऊन त्याने फोन लावला.

"बंद संच घे. पाच-सहा वर्षं हात लावायला नको."

"बरं झालं बाई. तुमचीही दगदग वाचली."

"वाचली," तो म्हणाला. फोन मात्र कानालाच राहिला. बाजूने माणसं जात-येत होती आणि हा भर फुटपाथवर खांबासारखा उभा.

"बाबा? काही राहिलं का सांगायचं?"

"काम काही नाही गं." त्याने घसा खाकरला. "नुसतं यायचं होतं. येऊ का?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"कितीची गाडी धरताय?" लेक म्हणाली.