शेवटचा थेंब

पंपावर त्यांना सगळे थेंबमामा म्हणत. पेट्रोल भरून झालं की मामा नोझल टाकीच्या तोंडावर हलकेच तीनदा आपटत आणि शेवटचा थेंब आत पडेपर्यंत बाहेर काढत नसत. "गिऱ्हाइकाचा थेंब गिऱ्हाइकाच्या टाकीत," म्हणत. एकतीस वर्षं हे चाललं. संध्याकाळी बेल वाजण्याआधीच मामींना जिन्यात पेट्रोलचा वास येई आणि चहाचं आधण चढे.

मग पेट्रोलची यंत्रं जाऊन हायड्रोजनची आली. त्याला वास नाही, रंग नाही. थेंबाचं तर नावच नको. मामी दाराआडून विचारू लागल्या, "कोण आहे?"

नव्या यंत्रावर उभं राहायला परीक्षा होती. शिकवणाऱ्या मॅडम मामांच्या लेकीच्या वयाच्या. मामा दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा एकाच कारणाने. गाडी भरली, नोझल सोडवलं आणि टक, टक, टक.

"मामा, हा वायू आहे. आपटून काय पडणार? नोझल मात्र बिघडेल."

"मला कळतं हो. हाताला कळत नाही."

तिसरी संधी शेवटची. ती हुकली तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं कोपऱ्यात चाकांत हवा भरत काढायची.

त्या सकाळी मामांनी नोझल गाडीला जोडलं, खटका बसल्याचा आवाज ऐकला, बटण दाबलं. चार मिनिटांत टाकी भरली. खटका सोडवला, पण नोझल हलेना. वायू इतका थंड, की तोंडावर बर्फ धरून ते गाडीलाच चिकटलं होतं.

गाडीवाल्याने मान बाहेर काढली. "ओढा की काका. भरून झालंय ना?"

"झालंय."

"मग वाट कशाची बघताय?"

"सुटायची. ओढून मोडेल ते."

मामा हातमोज्यात नोझल धरून उभे राहिले. असं उभं राहणं त्यांना नवं नव्हतं. बर्फ विरघळला, एक थेंब लोंबला, पडला, आणि नोझल अलगद हातात आलं. हात सवयीने उचलला गेला. मामांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि नोझल जागेवर ठेवलं.

मॅडमनी कागदावर खूण केली. "कालच्या दोघांनी इथेच हिसका मारला. पण मामा, थेंब बाहेर पडला हं तुमचा."

"तो पाण्याचा. गिऱ्हाइकाचा नव्हे."

संध्याकाळी दाराआडून प्रश्न आलाच. "कोण आहे?"

"बिनवासाचा. पास झालेला."

दार उघडलं. मामींच्या हातात मामांचा पंपावरचा जुना सदरा होता. "हा मी मुद्दामच धुतला नाही," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत वळल्या.