पटावरची मुलगी

मी मुळात भित्री. पाल, पोलीस आणि केंद्रप्रमुख या तिघांना सारखीच घाबरते. घरची माणसं चेष्टा करतात, की हिला मास्तरीण कुणी केलं. पण मास्तरकी केली, आणि मुळशीतच केली. पिरंगुटला घर आणि उरवड्याच्या अलीकडे एका वाडीवर दोनशिक्षकी शाळा. स्कूटरवर वीस मिनिटांत पोचायचं, संध्याकाळी वीस मिनिटांत परत. या वीस मिनिटांसाठी मी काय केलं ते आज लिहून टाकते.

आमच्या वाडीतली मुलं हल्ली पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांची जातात, आणि ज्यांनी नुसत्या चार खोल्या काढून भाड्याने दिल्या त्यांचीही जातात. आमच्याकडे उरली ती बांधकामांवरच्या आणि कंपन्यांतल्या मजुरांची मुलं. त्यातली निम्मी कर्नाटकातून, यादगीरकडून आलेली, घरी कन्नड बोलणारी. मला कन्नड ओ की ठो येत नाही. ती मुलं तोंडाकडे बघत बसायची आणि मी मोठ्याने बोलायचे, जणू ओरडलं की भाषा समजते.

म्हणून एका संस्थेने योजना आणली, की तिकडचा एक शिक्षक दोन महिने इकडे यायचा आणि इकडचा तिकडे जायचा. शिवाय दर महिन्याच्या शेवटी दोन्हीकडच्या शाळांनी एकमेकींना यादी पाठवायची, कोणतं मूल कुठे आहे याची. जे मूल सलग पंधरा दिवस आलेलं नाही त्याच्या नावापुढे लाल खूण. लाल खूण दिसली की पलीकडच्या शिक्षकाने त्याच्या घरी जायचं, आजी-आजोबांना विचारायचं, फोन लावायचे, मूल सापडेपर्यंत पाठ सोडायची नाही. योजना चांगली होती. ती कागदावर राहिली असती तर मला त्रास झाला नसता.

आता माझी भीती सांगते. सप्टेंबरच्या अखेरीला शाळेचा पट मोजतात. पट कमी भरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला जिथे जागा असेल तिथे पाठवतात. आमच्या शाळेतले दुसरे शिक्षक, सर, माझ्याहून जुने, म्हणून अतिरिक्त ठरली असती ती मी. त्या वर्षी पट अगदी काठावर होता, आणि गणपतीत एक मुलगी यायची बंद झाली. पाचवीतली, अकरा वर्षांची, हाडकुळी, वाचायला सगळ्यात पुढे. मुकादमाने तिच्या आईबापांना दुसऱ्या कामावर हलवलं असं मुलांकडून कळलं. मी विचार केला, महिनाअखेर होऊ दे, मग बघू. रोज हजेरीत तिच्या नावापुढे हजरचा 'ह' लिहीत गेले.

महिनाअखेर झाली. मग वाटलं, पट मोजल्या मोजल्या नाव काढलं तर कुणाच्या तरी डोळ्यावर येईल. दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं म्हणतात. मला तर दुसरंसुद्धा लागलं नाही, तेच रोज लिहायचं होतं. हात इतका सरावला की तिच्या नावाशी तो थांबेनासा झाला. यादीत तिच्यापुढे लाल खूण कधी पडली नाही. आमच्या सरांना माहीत होतं का? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

जानेवारीत सर दोन महिन्यांसाठी यादगीरकडे गेले आणि तिकडून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केसांत रोज अबोलीचा गजरा. मी त्यांना अक्का म्हणू लागले, त्या मला बाई म्हणत. आमचं बोलणं त्यांच्या दख्खनी हिंदीत आणि माझ्या मोडक्या हिंदीत चाले. पहिल्याच सकाळी त्या म्हणाल्या, हजेरी मी घेते, मुलांना आपलं नाव आपल्या गावच्या तोंडून ऐकू दे. मी मान हलवली. काय होणार आहे ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

त्या एकेक नाव घेत गेल्या आणि मुलांचे चेहरे उजळत गेले. मग त्यांनी त्या मुलीचं नाव घेतलं. कुणी बोललं नाही. त्यांनी पुन्हा घेतलं. मागच्या बाकावरून कुणीतरी कन्नडमध्ये काही म्हटलं आणि दोन-तीन मुलं हसली. मला शब्द कळले नाहीत, पण कळायला काय लागतं? अक्कांनी हजेरीवर बोट ठेवलं. काल, परवा, तेरवा, सगळीकडे 'ह'. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

हजेरी झाल्यावर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "बच्ची किधर है, बाई?"

"आजारी आहे," मी म्हणाले. "मजुरांच्या कॅम्पवर असेल."

"तो शाम को देखके आएंगे." आणि मग त्यांनी आणखी एक सांगितलं. त्या मुलीची आजी तिकडे त्यांच्याच गावात राहते. दर बाजाराच्या दिवशी शाळेत येते, दारात बसते आणि नातीचं विचारते. मुलीच्या बापाचा फोन महिनोन् महिने लागत नाही. "मैं लिस्ट देखती," अक्का म्हणाल्या, "और उसकू बोलती, रोज स्कूल जा रही, फिकर नक्को करो."

मधल्या सुट्टीत मी ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि कपाटातून व्हाइटनरची बाटली काढली. झाकण उघडून बसले तेव्हा लक्षात आलं, की पाच महिने पांढरे करायचे तर एका बाटलीने भागणार नाही. हसू यावं असं होतं, पण मला रडू आलं. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी आत आल्या. आमच्याच वाडीतल्या. त्यांच्यापासून काही लपत नाही, कारण ताटं त्याच मोजतात.

"त्या पोरीचं इचारत्यात व्हय त्या कानडी बाई?" त्या म्हणाल्या. "बाई, मी बोलनार नव्हते. पर दिवाळीच्या मागं कासार आंबोलीकडं बंगल्याच्या कामावर पान्याच्या टाकीत पोरगी बुडाली म्हनं. धा-अकरा वर्साची. मजुराचीच व्हती. कुनाची, काय, कुनाला ठावं न्हाई. दुसऱ्या दिशी समदी बिऱ्हाडं हालली तितनं."

"कुणी सांगितलं?"

"समदी बोलत्यात. खरं-खोटं देवाला ठावं."

खरं सांगते, आणि हे लिहिताना आजही लाज वाटते: माझ्या मनात आधी मुलगी आली नाही, हजेरी आली. जी टाकीत गेली तिला मी त्याच दिवशी हजर लावलं असेल. पोलीस पौडहून येतील, हजेरी मागतील, आणि त्यात मेलेलं पोर शाळेत बसलेलं असेल. मुलगी त्यानंतर आली मनात. वाचताना ओळीखाली बोट फिरवायची सवय होती तिला, ते बोट आठवलं. मग मात्र दुसरं काही आठवेना.

दुपारभर मी फळ्यावर काय लिहिलं देव जाणे. शाळा सुटली, मुलं गेली, आणि मी अक्कांना सगळं सांगितलं. पट, अतिरिक्त, पाच महिने, टाकी. अक्का ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी गजरा काढून टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "गाडी निकालो."

पुढे माझं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे ते मध्ये येणार नाही. मी स्वतः लिहून दिलं. नोटीस आली, चौकशी झाली, आणि पुढच्या बदल्यांत ताम्हिणीच्या अंगाला, घाटाच्या तोंडाशी शाळा मिळाली. ज्याला घाबरून हे केलं तेच झालं. रोज दोन एसट्या बदलते. त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही आधी कॅम्पवर गेलो. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत एक बाई भाकरी थापत होती. अक्कांनी तिला कन्नडमध्ये विचारलं. तिने परातीतून हात न काढता एकच गावाचं नाव घेतलं आणि ते मलाही समजलं. कासार आंबोली. मुकादमाने त्या कुटुंबाला आंबोलीतल्या बंगल्याच्या कामावर नेलं होतं. मुकादमाचा फोन बंद.

पिरंगुटच्या चौकात नेहमीची गर्दी होती. कंपन्या सुटलेल्या, बावधनकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. मी पौड रस्त्याला वळले. मागून अक्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो आंबोलीपर्यंत काढला नाही. मी मनातल्या मनात नवस बोलत होते. आधी बोलले, ती दुसरी कुणी असू दे. मग वाटलं, दुसरी कुणी म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी पोरच ना. तो नवस मी मागे घेतला, आणि दुसरा सुचेना.

आंबोलीत तीन ठिकाणी बंगल्यांची कामं चालू होती. पहिल्या ठिकाणी रखवालदार म्हणाला, हितं कानडी कुनी न्हाई. मी त्याला टाकीचं विचारलं. तो म्हणाला, "कसली टाकी? कुनी सांगितलं तुमास्नी? आमच्याकडं काय झालेलं न्हाई." फार घाईने म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी काम बंद होतं, फाटकाला कुलूप, आणि आत एक उघडा हौद काठोकाठ भरलेला. अक्का फाटकाशी उभ्या राहिल्या. मला तिकडे बघवेना. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मोठी बाई मी, दोन लेकरांची आई, आणि डोळे गच्च मिटून उभी होते.

तिसरं काम गावाच्या टोकाला होतं. बंगल्याच्या मागे पत्र्याची शेड, दोरीवर कपडे, आणि कडेवर वर्षाचं पोर घेऊन एक मुलगी नळाखाली बादली लावत होती. फ्रॉक आखूड झाला होता. मी तिच्या नावाने हाक मारली. तिने वळून पाहिलं.

मला बघताच ती पळाली. पोरासकट पळाली आणि पाण्याच्या निळ्या पिंपामागे जाऊन बसली. मी होते तिथेच वाळूच्या ढिगावर बसकण मारली. जिवंत होती. मी रडत होते, हसत होते, आणि ती पिंपामागून मला लपत होती.

शेडमधून मुकादमाची बायको आली. तिने हिंदीत सांगितलं, की हिचे आईबाप पनवेलकडच्या कामावर गेलेत, तिथे मुलं ठेवू देत नाहीत, म्हणून आमचं पोर सांभाळायला हिला इथे ठेवलं, जेवायला घालतो, मारत नाही. अक्का म्हणाल्या, बापाला फोन लाव. तिच्याकडे त्याचा नवा नंबर होता, तो लागला. अक्का बराच वेळ कन्नडमध्ये बोलल्या, शेवटी जरा चढ्या आवाजात. फोन ठेवून मला म्हणाल्या, आईबाप येईपर्यंत मुलगी माझ्या खोलीवर राहील, बाप हो म्हणालाय.

पण ती पिंपामागून निघेना. अक्का तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, हळू. अक्का ऐकत होत्या. मध्येच त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला.

"पूछ रही, मेरा नाम काटे क्या."

मला लगेच कळलं. ते माझंच वाक्य होतं. परिपाठाला मी मुलांना दम द्यायचे, पंधरा दिवस आला नाहीत तर नाव कापीन, मग तुम्हाला कुठल्याच शाळेत घेणार नाहीत. मुलं यावीत म्हणून द्यायचे. मराठी न समजणाऱ्या मुलांनाही ते बरोबर समजायचं, कारण मी हाताने कात्री करून दाखवायचे. या शेडमध्ये तिने पंधरा दिवस मोजले होते, अक्कांनी सांगितलं. नंतर एकदा मुकादमाच्या बायकोबरोबर ती उरवड्याला आली होती. शाळेच्या तारेबाहेर उभी राहिली, आतून पाढे ऐकले, आणि आपलं नाव आता तिथे नाही म्हणून परत फिरली. मी आतच होते.

मी जर खरंच नाव कापलं असतं, नुसती लाल खूण केली असती, तर नवरात्रातच कुणीतरी तिच्या मागावर निघालं असतं.

"नाही कापलं," मी म्हणाले. माझा अपराधच मी तिला बक्षिसासारखा दिला, आणि दुसरं काय देणार होते? अक्कांनी ते कन्नडमध्ये सांगितलं. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, खोटं बोलतेय का ते बघत. मग ती उठली. कडेवरचं पोर तिने मुकादमाच्या बायकोच्या हातात दिलं, नळाखाली तोंड धुतलं, ओल्या हाताने केस चापून बसवले आणि शेडमधून चपला घालून आली.

"चलो," ती म्हणाली आणि स्कूटरकडे निघाली. दिवस मावळला होता, शाळा कधीच सुटली होती. आमच्यापैकी कुणी तिला ते सांगितलं नाही.