डकोटातला तांदूळ

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवरचा तो हमाल लढाईत ब्रह्मदेशला जाऊन आला होता. कधी विमान गेलंच तर मान वर न करता, नुसत्या आवाजावरून "डकोटा हाय" म्हणायचा. गाडीच्या टपावरचं सगळं सामान उतरवायचा, तांदळाच्या पोत्याला तेवढा हात लावायचा नाही. एकदा माझंच पोतं टपावर राहिलं, तेव्हा मी खवळलो.

"रानात आमच्या पलटणीला डकोटा वरनं, छत्री न लावताच तांदूळ टाकायचं, मास्तर. दुहेरी पोत्यात, आतलं फाटलं तरी भायेरचं दाणा सांडू देत नाय. तसलंच एक पलटणीतल्याच माझ्या भावाच्या डोक्यावर पडलं. जागीच गेला."

मी टपावर चढून पोतं स्वतःच खाली घेतलं.

"चार दिसांचे उपाशी होतो. त्याला पुरला आणि तेच पोतं सोडलं," तो म्हणाला. "भात गोड लागला, मास्तर."