आबांचा घरचा कापूस

दवाखान्यात जखमेवर ठेवायच्या व्हॅसलिनच्या जाळीचं पाकीट फोडलं, की त्या वासाने मला साखरखेर्ड्याचं आमचं घर आठवतं. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच; तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. कढईतल्या तेलाने आईचा हात भाजला होता आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यावर आमच्या शेतातला कापूस बांधला होता. तो जखमेला घट्ट चिकटला होता.

"ओढू नको वं, कातडं निघंल," आई घाबरून म्हणाली.

मी सलाईनने तो भिजवत बसले, तंतू न् तंतू सुटेपर्यंत. मग व्हॅसलिनची न चिकटणारी जाळी ठेवून वर पट्टी गुंडाळली. पुढच्या वेळी पट्टी बदलताना जाळी अलगद निघाली.

"मले तं समजलंबी नाही!" आई हसली.

आबा मात्र हिरमुसले. "मंग आपला कापूस काही कामाचाच नाही म्हन!"

"आहे ना आबा. हात उंच ठेवायले उशी करा."

तेव्हा मला फक्त त्यांची चूक दिसली होती. त्यांनी सगळ्यात पांढरा कापूस वेचून, एकेक सरकी हाताने काढली होती, ते आता दिसतं. उशीही त्यांनीच शिवली, वाकड्यातिकड्या टाक्यांची. त्या दुपारी आई तिच्यावर हात ठेवून गाढ झोपली.