तू आज पाण्यात नको

"तू आज पाण्यात नको," सर म्हणाले.

मी हेल्मेटचा पट्टा लावत होते. हात तिथंच राहिला. वाटलं, पाण्याचंच काही असेल. वीजघरातून आज कमी सोडणार असतील. म्हणून विचारलं, "का सर?"

"आज जिल्ह्याचे क्रीडा अधिकारी येतायत. पुढारी येतायत, पत्रकार येतायत. हा खेळ आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. तू उतरलीस की ते म्हणणार, या लोकांचं हे रोजचंच. मासे धरतात, होड्या हाकतात. यात खेळ कुठला? समजून घे."

मी पट्टा सोडला. समजलं असं सरांनी धरलं. जाता जाता मागे वळून म्हणाले, "तुमच्या वाडीतल्या सात-आठ बायका आण. स्वागताला नाच ठेवू. तूपण लुगडं नेस. साहेबांना बरं वाटेल."

हेल्मेट मी खुंटीला लावलं आणि वाडीवर बायकांना बोलवायला गेले.

मी कातकरी. आमची वाडी कशेळ्याच्या अलीकडं, पेज नदीच्या काठाला. डोंगरावरच्या धरणाचं पाणी वीजघरातून खाली येतं आणि आमच्या नदीत सुटतं. म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते. पाणी सुटलं की खडकाखडकांतून फेस उसळतो. बंद झालं की त्याच खडकांवर बायका कपडे धुतात. या पाण्यासाठीच सर मुंबईहून इथं आले. काठची जमीन घेतली, क्लब काढला. माझी आय तिथं कामाला लागली. भांडी घासायची, पाहुण्यांची ओली जॅकेटं वाळत घालायची. शाळा सुटली की मी तिच्याकडं जायची.

तिथं मी कयाक पहिल्यांदा बघितली. एकट्या माणसाची निमुळती बोट. आत पाय पसरून बसायचं, कमरेला रबरी झाकण लावायचं म्हणजे पाणी आत शिरत नाही. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. नदीवर आडव्या तारा ताणलेल्या, तारांना जोडीजोडीनं काठ्या लटकवलेल्या. त्याला गेट म्हणायचं. हिरव्या काठ्यांमधून धारेबरोबर खाली यायचं. लाल काठ्या आल्या की वळायचं आणि धारेच्या विरुद्ध वर चढायचं. काठीला शिवलात की सेकंद वाढतात. गेट चुकलं तर फेरी गेलीच. बोट उलटली तर डोकं पाण्याखाली असताना कमरेला झटका द्यायचा आणि सरळ व्हायचं.

मला हे सरांनीच शिकवलं. खोटं कशाला बोलू? त्यांनी मला पाण्यात घातलं, उलटं केलं, सरळ व्हायला शिकवलं. पाहुणे नसले की बोट द्यायचे. पुढं स्पर्धेला नेलं, राज्याबाहेर. तिथं मी तिसरी आले. क्लबची मुंबईची एक मुलगी माझ्याबरोबर होती, ती बरीच मागं राहिली. गळ्यात पदक पडलं तेव्हा सरांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आपला खेळ आता कुणी अडवू शकत नाही."

आपला. हा शब्द मी घरी घेऊन आले. कितीतरी दिवस तोंडात घोळवला.

पदक घेऊन शाळेत गेले. कबड्डीच्या मुलींचा तालुक्याला सत्कार झाला होता, त्यांना परीक्षेत वाढीव गुण मिळणार होते. मी गुरुजींना विचारलं, मला मिळतील का? गुरुजींनी पदक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, परत दिलं.

"हा खेळ शासनाला माहीत नाही."

"ऑलिंपिकला हाय गुरुजी."

"असेल. आपल्या तालुक्यात नाही. आणि होडी वल्हवण्यात काय एवढं? तुझा बाप काय करतो?"

"मासे धरतो."

सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले.

आमच्या वाडीत एकही होडी नव्हती. कधीच नव्हती. बाप गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून जाळं लावायचा. थंडीत दातावर दात आपटत घरी यायचा. होडी ही वस्तू आमच्या घराण्यात पहिल्यांदा मी चालवली. आणि मी चालवली म्हणून ती खेळ राहिली नाही.

सरांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "त्यांना कळत नाही गं. आपल्याला लढायचंय. खेळाला एकदा मान्यता मिळू दे, सगळं होईल." मी मान डोलावली. लढायचं म्हणजे मलापण लढायचं, असं मला वाटलं होतं.

तर तो दिवस.

मांडव घातला होता. कमान, खुर्च्या, थंड पाण्याच्या बाटल्या. कमानीवर मोठा फोटो, फेसातून येणारी बोट. बोटीत तीच मुंबईची मुलगी. क्रीडा अधिकारी साहेब आले तसा नाच सुरू झाला. वाडीच्या बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून गोल फिरल्या. त्यांत आय होती, मी होते. माइकवरचा माणूस म्हणाला, "या आमच्या आदिवासी भगिनी." पत्रकारांनी फोटो काढले. नाच संपला तसं आम्हाला मागं जायला सांगितलं. मला थांबवलं आणि हातात नारळपाण्याचा ट्रे दिला.

मग खेळ दाखवला. क्लबची मुलं एकेक करून खाली आली. चांगली आली. ती मुंबईची मुलगी बोट उचलून माझ्या अंगावरून गेली. आम्ही एका खोलीत राहिलो होतो, एका ताटात जेवलो होतो. तिनं माझ्या लुगड्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

साहेब वाईट माणूस वाटत नव्हते. नदीकडं बघत त्यांनी विचारलं, "यात स्थानिक मुलं नाहीत का?"

"खूप प्रयत्न केले साहेब," सर म्हणाले. "पण यांच्यात चिकाटी नसते. चार दिवस येतात आणि पळून जातात."

मी हाताच्या अंतरावर उभी होते. सरांनी साहेबांसाठीचा नारळ माझ्याच ट्रेमधून उचलला होता.

कानशिलं तापली. बोट उलटते तेव्हा नाकातोंडात पाणी जातं, तसं झालं. सरांच्या सगळ्या शिव्या मी खाल्ल्या होत्या. ताप अंगात घेऊन पाण्यात उतरले होते. खडकावर खांदा आपटून निखळला, तो सरांनीच बसवला होता. तो खांदा त्यांना आठवत नव्हता का? आठवत होता. तरी ते बोलले.

"मी पळून नाय गेले सर," मी म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मी इथंच हाय. मी रोज खेळते."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. सर हसले. "आमचीच मुलगी आहे. घरच्यासारखी. आई इथं कामाला असते."

मी ट्रे खाली ठेवला. गवतावर.

आय मांडवाच्या मागून पुढं आली. "कुठं चाललीस गं?"

"पाण्यात."

शेडमधून बोट काढली. अंगावर जॅकेट चढवलं, डोक्यावर हेल्मेट. काष्ट्यावरून रबरी झाकण बसेना. टाकलं तिथंच. सर मागून हाक मारत होते, माझं नाव घेऊन, गोड आवाजात, कारण लोक बघत होते. मी वरच्या वळणावर गेले आणि बोट धारेत घातली.

आता वाटत असेल की मी अशी खाली आले की सगळ्यांची बोटं तोंडात गेली. तसं काही झालं नाही. झाकण नव्हतं, पहिल्या फेसालाच बोटीत पाणी शिरलं. बोट जड झाली. दोन काठ्यांना शिवले. लाल गेटला वर चढताच आलं नाही, धारेनं मागं फेकलं. लुगडं पायांत गुंडाळलं. इतकी घाण फेरी मी शिकत होते तेव्हाही मारली नव्हती. पण शेवटपर्यंत आले. बोटीबाहेर पडले नाही. अर्धी बुडालेली बोट ओढत काठाला लावली आणि उभी राहिले.

साहेब टाळ्या वाजवत होते. मनापासून.

"वा. लुगड्यात. फोटो घेतला का रे कुणी?" मग सरांकडं वळून म्हणाले, "हे बघा, याला आपण आदिवासींच्या पारंपरिक खेळात घालू. महोत्सव असतो आपला. तिथं शोभेल. जिल्ह्याच्या स्पर्धांत कशाला उगाच?"

सरांचा चेहरा उतरला. पुढारी घड्याळ बघत उठले. गाड्या निघून गेल्या. धूळ खाली बसायच्या आत सर माझ्यासमोर आले.

"तुझ्यामुळे गेला खेळ. माझी सगळी वर्षं पाण्यात घातलीस. लायकी ओळखून राहिली असतीस तर आज मान्यता मिळाली असती."

"नाचायला आनलंत तवा होती का लायकी?" मी विचारलं.

त्यांनी माळ्याला हाक मारली. "हिला गेटच्या बाहेर काढ. आईला पण."

वाटेत आय माझ्या पुढं चालत होती. वाडी आली तेव्हा माझ्या फाटलेल्या काष्ट्याकडं बघून म्हणाली, "लुगडं शेजारणीचं होतं. तिला काय सांगू?" आणि घरात गेली. मला वाटलं, रागावली. चूल पेटवताना तिचा आवाज आला. "भांडी मी कुठंपन घाशीन. तू परत त्याच्या दारात जायाचं नाय."

माझ्यामुळे गेला का खेळ? हा प्रश्न मला कितीतरी दिवस चावत होता. खोपोलीत एका कारखान्यात पॅकिंगला लागले, पट्ट्यावरून खोकी सरकायची आणि डोक्यात तेच फिरायचं. सरांना भीती होती तेच साहेबांनी केलं. बोटीत कातकरी दिसली तसा खेळाचा महोत्सव झाला. म्हणजे सर खरं बोलत होते?

मग एक दिवस, त्या पट्ट्यासमोर उभी असतानाच, लख्ख कळलं. दोष साहेबांच्या नजरेत होता आणि सर मला झाकत होते. साहेबांना सांगायला हवं होतं, ही खेळाडू आहे, हिनं पदक आणलंय. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य सरांच्या तोंडातून निघालं नाही. कारण त्यांनाही मी तशीच दिसत होते. त्यांचा खेळ मोठा व्हायचा तर मी नाहीशी व्हायला पाहिजे होते. आपला खेळ म्हणायचे. त्यात मी कधी नव्हतेच.

तेव्हापासून मी स्वतःला दोष देणं बंद केलं.

नदीकाठच्या एका बंद पडलेल्या कॅम्पवर तळ फुटलेली बोट पडली होती. मालकाकडं मागितली, त्यांनी दिली. टेंपोत घालून खोपोलीला नेली. तिथं पाण्याच्या फुटक्या टाक्या जोडणारे एक चाचा आहेत. त्यांनी बोटीवर टिचकी मारून बघितलं. "टाकीचंच प्लास्टिक हाय पोरी. जोडतो. पण ही घेऊन तू जातीस कुठं?" खडकांतून खाली येते म्हटलं. चाचांनी तळाला आतून दुसराही थर चढवला.

सुटीच्या दिवशी क्लबच्या खालच्या अंगाला मी बांबूची गेटं बांधली. पावसात वाहून गेली, परत बांधली. वाडीच्या मुली यायला लागल्या. बोट एकच, पाळीपाळीनं बसतात. एक जण आतमध्ये, बाकीच्या काठावरून ओरडतात. काहींच्या आया येऊन मला शिव्या देऊन गेल्या, पोरींची कामं सोडवून त्यांना पाण्यात घालते म्हणून. त्यांतल्या दोघी आता काठावर येऊन बसतात.

परवा कळलं, जिल्ह्याची निवड चाचणी होणार आहे. खेळाला शेवटी दारं उघडतायत. चाचणी क्लबच्या पाण्यात. आणि क्लबच्या नावाशिवाय कुणाला उतरता येणार नाही. माझ्या मुलींना क्लब नाही.

काल सरांनी निरोप पाठवला. माळीच आला होता, उन्हात उभा राहिला. "सर म्हनतात, झालं गेलं सोड. येऊन माफी माग, तुला क्लबच्या नावावर खेळवतो. तुला एकटीला."

"मुलींचं काय?"

"त्यांचं काय म्हनले नायत."

मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, सरांना सांग, माफी नाय. माझ्या पोरी घेऊन येते.

तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथला बाबू म्हणाला, नियम आहे. नियम कुणी केला विचारलं तर वर बोट दाखवलं. ठीक आहे. मी तिथंपण जाईन, तिथं नाही म्हणाले तर त्याच्याही वर जाईन. कागदावर भांडेन, माइकसमोर भांडेन. पण चाचणीच्या दिवशी मी कचेरीत बसलेली नसेन. वीजघराचं पाणी सुटलं की ते क्लबच्या कुंपणाला विचारून येत नाही. वरच्या वळणावरून आम्ही उतरू. सगळ्यांच्या देखत. खेळाचे कपडे घालून, डोक्याला हेल्मेट लावून. बोट एकच आहे, एकेक जण येईल, काठावरून बोट वर नेऊ आणि दुसरी येईल. आमची वेळ कुणी लावली नाही तर मी लावीन. मुलींची नावं कुणी पुकारली नाहीत तर मी पुकारीन, आडनावासकट, वाडीच्या नावासकट.

ज्याला आम्हाला अडवायचंय त्यानं काठावरून ओरडू नये. पाण्यात उतरावं.